आबांचा आवाज उघडत नाही

चिडल्याशिवाय मला सरळ बोलता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधी चिडून घेते, मग काय झालं ते सांगते.

कंप्युटरला एखादी डिस्क जोडली आणि त्याला ती वाचता आली नाही, तर त्यानं काय म्हणावं? ‘मला ही वाचता येत नाही बाबा, दुसऱ्या कुणाला दाखव.’ संपलं. पण नाही! घरोघरी जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, दुकानातून लॅपटॉप आणला की आधीपासून आत बसलेलीच असते, तिचं नाव घेत नाही, उगाच तोंड कशाला खराब करा, ती म्हणते, ‘ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?’ म्हणजे आत असेल नसेल ते सगळं पुसून टाकू का? अरे, तुला वाचता येत नाही म्हणून कागद कोरा होतो का? माझ्या आईला अक्षरओळख नाही. पण लिहिलेला एकही कागद तिनं आजवर चुलीत घातलेला नाही. लिहिलेलं काही दिसलं की ती घडी घालून डब्यात ठेवते आणि वाचणारं माणूस घरी येईपर्यंत थांबते. तेवढी अक्कल त्या सिस्टीमला नाही.

हं. आता सांगते.

मी साताऱ्यात राहते. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळते, आणि शनिवारी-रविवारी एका ओपन सोर्स फाइलसिस्टीमवर काम करते. ओपन सोर्स म्हणजे जिचा कोड सगळ्यांना उघडा आहे, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. देशोदेशीची माणसं त्यात आहेत, एकमेकांची तोंडं न बघितलेली. पगार नाही. "फुकट?" असं दादा, माझा मोठा भाऊ, दर दिवाळीला विचारतो आणि मी दर दिवाळीला भांडते.

फाइलसिस्टीम म्हणजे काय, हे मी गावाकडे असं सांगते: डिस्क ही जमीन समजा. कुठला तुकडा कुणाचा, बांध कुठे, हे जमिनीवर लिहिलेलं नसतं, तलाठ्याच्या दप्तरात असतं. फाइलसिस्टीम म्हणजे तो तलाठी आणि ते दप्तर. आमचा तलाठी फार कडक. लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची तो खूण ठेवतो, वाचताना ती खूण पडताळतो, आणि एक अक्षर जरी फिरलं असेल तरी ‘हे मूळचं नाही’ म्हणून द्यायला नकार देतो. खोटं द्यायचं नाही, ही त्याची खासियत. मला याचाच अभिमान होता. पण हा तलाठी लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करायचा. घरोघरीच्या त्या दुसऱ्या सिस्टीमवर त्याला कुणी ओळखत नव्हतं.

तर चार वर्षांपूर्वी आमच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे आम्ही सगळे जिथं पत्रापत्री करतो तिथं, एका परदेशी शाळामास्तरांचं पत्र आलं. लांबलचक, अगदी नम्र. म्हणणं असं, की ही फाइलसिस्टीम त्या दुसऱ्या सिस्टीमवर पोर्ट करा. पोर्ट करणं म्हणजे एका घरात वाढलेला प्रोग्राम दुसऱ्या घरात नांदता करणं. त्यांनी कारणं दिली होती. कंप्युटर जागेवर राहतो, डिस्क फिरते, असं एक. डिस्क भरणारा माणूस आणि ती उघडणारा माणूस एकच असेल असं कशावरून, असं दुसरं. परक्या घरात गेल्यावर आपल्या कोडमधल्या खोडी आपल्याला दिसतात, ज्या माहेरी लाडात खपून जातात, असंही काहीसं होतं. शेवटी त्यांनी आठवण करून दिली होती, की ही फाइलसिस्टीम मुळात लिनक्सवरची नाहीच. ती जन्मली ते घर केव्हाच ओस पडलं. कुणीतरी वेळेवर तिला उचलून इकडे आणलं म्हणून ती आज जिवंत आहे.

मी उत्तर लिहिलं. तीन ओळी. लिनक्स फुकट मिळतं, सगळ्यांना मिळतं. ज्याला आमची फाइलसिस्टीम हवी त्यानं लिनक्स टाकावं. जो स्वतःची सिस्टीम बदलायला तयार नाही त्याच्यासाठी आम्ही आमचे रविवार का घालवावे?

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! "अगदी बरोबर", "हेच म्हणायचं होतं". मास्तरांनी "आपला मुद्दा समजला, धन्यवाद" असं लिहून विषय सोडून दिला. त्या दिवशी मी स्वतःवर लय खूश होते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? उंचावर बसलं की गार वारा लागतो.

आता आबा. माझे वडील. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग बारा वर्षं एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले, आणि मग कडेगावजवळच्या आमच्या गावी जाऊन ऊस आणि आई यांच्यावर हुकूम सोडत बसले. आवाज असा, की वरच्या पट्टीतल्या उसात उभं राहून हाक मारली तर ओढ्यापलीकडचं माणूस "काय आबा?" म्हणून थांबायचं. त्यांच्या घशात गाठ निघाली. सांगलीला डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आधी आठ दिवस हातात होते. मी रजा टाकली, एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि आबांच्या समोर बसले. एक्केचाळीस रेकॉर्डिंग झाली. त्यातली बहुतेक लष्करातली: बर्फातली चौकी, खेचरं, मेसमधला स्वयंपाकी, पहिल्यांदा विमानात बसले ते. आबा माझ्याशी बोलताना साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं बोलत होते, कणा ताठ करून, मध्येमध्ये हिंदी पेरून. फक्त एका रेकॉर्डिंगमध्ये ते मध्येच थांबले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आगं ए! च्या टाकलास का न्हाई? घसा वाळला हितं!" आणि मग स्वतःशीच हसले. एवढंच. दहा सेकंदसुद्धा नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. आबा घरी आले, आणि त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते आम्ही कुणीच आधी लक्षात घेतलं नव्हतं. आबांना बोलता येईना म्हणून पाटी आणली. आबा पाटीवर लिहायचे, सुरेख अक्षरात. आईला वाचता येत नव्हतं. बेचाळीस वर्षं ज्या बाईशी हा माणूस भांडला, तिला पाटी दाखवून तो उभा राहायचा आणि ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं?" दादा शेतावरून येईपर्यंत पाटी तशीच भिंतीला टेकून. भूक लागली, दुखतंय, हे खुणेनं कळतं. पण माणसं काय फक्त भुकेचंच बोलतात का? आई एकदा मला म्हणाली, "घरात हायेत, पर घरात न्हाईत." मला ऐकवेना.

म्हणून मी एक जुना लॅपटॉप घेतला, त्यात लिनक्स टाकलं, एक्केचाळीस रेकॉर्डिंग बाहेरून जोडायच्या एका नव्या डिस्कवर चढवली आणि सगळं गावी नेऊन दिलं. डिस्कवर अर्थात आमची फाइलसिस्टीम. का, तर त्याआधी आबांच्या लष्करातल्या फोटोंचं एका पेनड्राइव्हनं वाटोळं केलं होतं. अर्धे फोटो कमरेखाली राखाडी झाले होते आणि कुणी सांगितलंही नव्हतं. तेव्हाच मी शपथ घेतली होती, की आबांचा आवाज मी असल्या भुरट्या पेनड्राइव्हच्या हवाली करणार नाही. हा माझा शहाणपणा.

चार वाजता चहाला आबा लॅपटॉप उघडायचे. आधी खेचरांचं किंवा बर्फाचं काहीतरी लावायचे, ते आईनं ऐकायचं. आणि शेवटी ते हाक मारल्याचं. "च्या टाकलास का न्हाई?" आई रोज, न चुकता, चुलीपुढूनच म्हणायची, "टाकलाय, टाकलाय! जीव खाऊ नका." मी एकदा समोर होते. आबा खांदे हलवून हसत होते. ऑपरेशननंतर त्या दोघांचं झालेलं संभाषण म्हणाल तर हे एवढंच, पण ते रोज व्हायचं.

मग एका दुपारी वीज जाऊन आली आणि लॅपटॉप जळाला. दादानं कडेगावला दुकानात दाखवला. "मदरबोर्ड गेलाय, टाकून द्या" असं उत्तर मिळालं. दादानं मला फोन केला. डिस्क ठणठणीत होती. मी म्हणाले, "बघते." कारखान्यात नवीन सर्व्हर आले होते, इकडे फाइलसिस्टीमची नवी आवृत्ती निघायची होती, शनिवार-रविवार त्यात जात होता. "बघते" म्हणून मी तीन आठवडे काढले. तीन आठवडे त्या घरात चार वाजता नुसता चहा झाला. यासाठी मी दुसऱ्या कुणावर चिडू? सांगा.

आबा कामाच्या दिवशी मला कधी मेसेज करत नाहीत. साहेब लोकांना ड्युटीवर त्रास द्यायचा नाही, निरोप रविवारी, हा त्यांचा नियम, मुलीलाही तोच. तर एका रविवारी सकाळी दहाला मेसेज आला: ‘डिस्क दुरुस्त केली. आता दादाच्या लॅपटॉपवर चालू आहे. फाइल दिसत नाहीत. येशील तेव्हा टाक.’

मी तो मेसेज उभ्याउभ्या दोनदा वाचला. दुरुस्त केली! मी दादाला फोन लावला तेव्हा माझा आवाज इतका चढला होता, की शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. "डिस्कला हात लावू नका! काढून ठेवा! कशालाही जोडू नका!" दादा म्हणाला, "आगं, झालंय काय? कोण मेलं का काय?"

साताऱ्याहून कराड, कराडहून कडेगाव, दोन एसट्या, आणि फाट्यावरून दादाची मोटारसायकल. वाटेत मी मनात एकेकाला झापत होते. घरी पोचले तर आबा अंगणात खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, शाबासकी घ्यायला बसल्यासारखे. त्यांनी मला त्यांची वही दाखवली. आबा सगळ्याची नोंद ठेवतात, मोटर किती वाजता सुरू केली इथपासून. त्यात लिहिलं होतं: मंगळवार. सकाळी दहा वीस. डिस्क जोडली. मग मशीननं दिलेला इंग्रजी निरोप, जसाच्या तसा, मोठ्या अक्षरांत उतरवलेला. खाली, ‘उत्तर: हो.’ मग दुसरा निरोप. ‘उत्तर: हो.’ मग तिसरा, की यावर असलेलं सगळं पुसलं जाईल. त्यातला ‘पुसलं जाईल’ अशा अर्थाचा शब्द आबांनी दोनदा अधोरेखित केला होता. खाली, ‘उत्तर: हो.’ आणि शेवटी, दहा तेवीस, काम पूर्ण.

अधोरेखित केलेला! म्हणजे वाचलेला, कळलेला, आणि तरीही!

तसं बघितलं तर नुसतं एवढंच झालं असतं तरी मी मार्ग काढला असता. अशा झटपट फॉरमॅटमध्ये जमीन नांगरली जात नाही, फक्त दप्तर बदलतं. आमचा तलाठी तर आपल्या दप्तराच्या जास्तीच्या प्रती डिस्कच्या शेवटच्या टोकालाही ठेवतो. पण मंगळवार ते रविवार पाच दिवस गेले होते, आणि त्या पाच दिवसांत दादानं मोकळी डिस्क बघून तिच्यावर मेव्हण्याच्या लग्नाचं शूटिंग टाकलं होतं. हळद, लग्न, वरात, ड्रोनवरून काढलेलं मांडवाचं छप्पर, आणि वर कुणाचंतरी बारसं.

"मला काय सपान पडलं हुतं?" दादा म्हणाला. "डिस्क मोकळी दिसली, टाकलं. आणि मी काय म्हणतो, गाणी टाकून देत्यात तसं एका पेनड्राइव्हवर टाकून दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? ट्रॅक्टरवर बी वाजलं असतं आबांचं."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी त्याला डिस्कवर पडल्या पडल्या बिट, म्हणजे माहितीचे कण, कसे सडतात, पडताळणी म्हणजे काय, हे सांगायला लागले. तो ऐकत होता, आणि मधेच म्हणाला, "बरं. मग तुझी कॉपी आण की. तू तर कारखान्याच्या बी कॉप्या ठेवतीस."

हे मला कुणी विचारू नये असं वाटत होतं. कॉपी होती. साताऱ्यात माझ्या मशीनवर, नीट, दोन डिस्कवर. महिनाभरापूर्वी नव्या आवृत्तीच्या चाचणीला रिकाम्या डिस्क हव्या होत्या. ‘गावाकडे आहे की’ म्हणून मी त्या पुसल्या. आमची फाइलसिस्टीमसुद्धा विचारते बरं का. इथं आधीचं काहीतरी आहे, जबरदस्ती करायची असेल तर तसं सांग. मी तसं सांगितलं. आबांनी निदान वाचून, अधोरेखित करून, वहीत लिहून ठेवलं होतं. मी न वाचता बोटं चालवली होती. दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं डिस्क आणून माझ्या हातात ठेवली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

डिस्क घेऊन मी साताऱ्याला परतले. तीन आठवडे, कामावरून आलं की तेच. शेवटच्या टोकाची दप्तरं शाबूत होती. झाडासारखी एकेक फांदी धरून मी एक्केचाळीस नावांपर्यंत पोचले. नावं सगळी दिसली! मी टाळी वाजवली एकटीनं. मग पहिली फाइल उघडली आणि आमच्या कडक तलाठ्यानं नकार दिला. खूण जुळत नाही. दुसरी, नकार. तिसरी, नकार. आत काहीच नव्हतं असं नाही. आबांच्या बोलण्याच्या मधोमध कुठेतरी वरातीचा तुकडा येऊन बसला होता, आणि खोटं द्यायचं नाही म्हणून तो सगळंच देत नव्हता. याच गुणाचं मी लोकांपुढे कौतुक करायचे. आता मी त्याला हात जोडत होते, की बाबा, फुटकं दे, अर्धं दे, पण दे. कोडमध्ये शिरून मी ती पडताळणी बंद केली तेव्हा मला खरंच काहीतरी पाप करतेय असं वाटलं.

सात रेकॉर्डिंग अखंड मिळाली. एकोणीस तुटकी: आबा दोन वाक्यं बोलतात, मग कानठळ्या बसवणारी खरखर, मग अर्धा शब्द. बाकीची गेली. चहाचं रेकॉर्डिंग गेलेल्यांत होतं. नाव होतं, लांबी होती, जागा होती. त्या जागेवर ड्रोनमधून काढलेलं मांडवाचं छप्पर होतं. ते मी चार वेगवेगळ्या रीतींनी तपासलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

त्याच आठवड्यात मी मेलिंग लिस्टवरचं ते जुनं पत्र काढून वाचलं. डिस्क भरणारा आणि उघडणारा माणूस एकच असेल असं कशावरून? मी मास्तरांना माफीचं पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात माफीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पोर्टचं अर्धवट पडलेलं काम कुठे आहे तेवढं कळवलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तशी मी त्या कामाला लागले. आजही लागलेलीच आहे आणि रोज कातावते. त्या घरच्या रीतीच वेगळ्या. तिथं नावात मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकच धरतात. फाइलचा पत्ता लिहिताना तिरकी रेघ उलटी काढतात. उघडी असलेली फाइल हलवू देत नाहीत. आपण नव्या सुनेसारखं प्रत्येक भांडं कुठे ठेवायचं ते विचारत फिरायचं. आणि हो, मास्तर म्हणाले होते तसंच झालं: तिथं नांदवताना आमच्याच कोडमधल्या तीन जुन्या चुका सापडल्या, लिनक्सवर इतकी वर्षं कुणाच्या लक्षात न आलेल्या. लिस्टवर परवा एकानं विचारलंच, त्या लोकांसाठी आपण रविवार का घालवायचे? मी उत्तराचे चार मसुदे लिहिले. चारही शिवराळ झाले. एकही पाठवला नाही.

सात रेकॉर्डिंग घेऊन मी गावी गेले तो दिवस सांगायचा राहिला. या वेळी पेनड्राइव्हवर, दादा म्हणाला होता तसं, शिवाय त्याच्या लॅपटॉपवर, माझ्या फोनवर आणि त्याच्या फोनवरही. चार वाजता आई चुलीपुढे, आबा खाटेवर, दादा दारात. मी एकेक लावलं. बर्फातली चौकी. मेसचा स्वयंपाकी. आबा स्वतःचा आवाज मान खाली घालून ऐकत होते. आई चहा गाळता गाळता ऐकत होती. सातवं संपलं तसं तिनं गाळणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आन् मला हाक मारल्यालं?"

मी म्हणाले, "ते नाही मिळालं, आई."

"न्हाई म्हंजी? परत मिळंल का मग कवा?"

"नाही."

तिनं कप भरले, आबांच्या हातात एक दिला, आणि त्यांच्या शेजारी खाली बसली. आबांनी कप तोंडाला लावला नाही. आणि माझं काय झालं कोण जाणे, इतके आठवडे दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मी म्हाताऱ्या, आजारी माणसावर ओरडले. "तीनदा विचारलं होतं, आबा! तीनदा! पुसलं जाईल असं लिहिलं होतं. तुम्ही वाचलंत, खाली रेघ मारलीत, तरी हो म्हणालात? का म्हणालात हो?"

दादा म्हणाला, "बास की आता." पण आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. कप खाली ठेवला, पाटी मांडीवर घेतली, आणि सावकाश लिहायला लागले. खडूचा आवाज येत होता. लिहून झाल्यावर त्यांनी पाटी माझ्याकडे फिरवली. मी वाचली.

"काय म्हणत्यात?" आईनं विचारलं. "वाच की गं."

मी वाचून दाखवलं. "मला वाटलं, मशीनमधनं तूच इचारतियास. तुझी वस्तू, तुला म्हाईत. तुला न्हाई कसं म्हणू?"

आईनं आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं होतं तिला.

"मंग तू का न्हवतीस तितं?" ती म्हणाली.